गळ्यापर्यंत

१

काहीही वाया घालवायचं म्हटलं की सरांच्या जिवावर यायचं. रसायनशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेली, निवृत्त होऊनही पुष्कळ काळ लोटला, पण फोटो धुवायचं कपभर डेव्हलपर मोरीत ओतावं लागलं तर त्यांना दिवसभर चुटपुट लागे.

त्यांची डार्करूम म्हणजे बोळाच्या टोकाचं जुनं न्हाणीघर. खिडकीच्या काचांना काळा रंग, मोरीवर आडवी फळी, फळीवर ट्रे, वर लाल दिवा, प्रिंट वाळत घालायला एक तार आणि कोपऱ्यातल्या फडताळात तपकिरी काचेच्या बाटल्या. आजकाल फिल्म धुवून घरी फोटो कोण काढतं, असं लोक विचारत. सर म्हणत, मी काढतो, आणि विषय तिथेच मिटे.

डेव्हलपर कालवायची रीत ठरलेली होती. उकळून कोमट केलेलं पाणी घ्यायचं. आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पुरतं विरघळलं की उरलेलं सल्फाइट, मग बाकीची मंडळी. क्रम चुकला की मेटॉल रुसून तळाशी बसतं. तयार झालेलं पाणी बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं आणि बूच घट्ट लावायचं, कारण डेव्हलपरला एकच वैरी असतो, हवा. थोडं वापरलं की रिकाम्या झालेल्या जागेत हवा येऊन बसते आणि खालचं सगळं हळूहळू काळ्या चहासारखं करून टाकते. म्हणून सर लागेल तेवढंच काढून घेत आणि जेवढं काढलं तेवढ्याच जागेच्या धुतलेल्या काचेच्या गोट्या बाटलीत सोडत. पातळी पुन्हा गळ्याशी. एकदा कालवलेलं महिनोन्‌महिने टिकायचं. गोट्यांनी भरलेला वाडगा फळीच्या टोकाला कायम असे.

त्या दुपारी त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांचे प्रिंट काढले, ट्रे विसळले, हात पुसले. वाडग्यातून मूठभर गोट्या घेतल्या आणि बाटलीचं बूच काढलं.

बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

२

"अगं, तू आत गेली होतीस का?"

माई पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. सरांच्या बायकोला सगळे माईच म्हणत, सर सोडून.

"कुठे, तुमच्या गुहेत?" त्या म्हणाल्या. मग थांबल्या, श्वास घेतला. माईंचं वाक्य हल्ली एका दमात पुरं होत नसे. "त्या वासानं मला... इथे बसल्या बसल्या ढास लागते. आत कशाला मरायला जाऊ?"

"नाही, बाटलीत कुणीतरी आधीच गोट्या टाकल्यात."

"कुणीतरी म्हणजे... तुम्हीच. घरात तिसरं कोण आहे?"

"मी टाकलेल्या मला आठवत नाहीत."

"चष्मा कपाळावर असतो तेव्हा... तोही आठवत नाही." माई हसल्या आणि हसण्याचा खोकला झाला. सरांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, पाण्याचा पेला पुढे केला आणि मनातली शंका मनात ठेवली.

पण शंका सोडवल्याशिवाय राहवणारा जीव नव्हता तो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाटली गाळणीतून मोठ्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतली. डेव्हलपर जितकं उरायला हवं तितकंच होतं, थेंबभरही पातळ झालेलं नव्हतं. म्हणजे पाण्यानं भर घातलेली नाही. गाळणीत ओल्या गोट्या चकाकत होत्या. बरोबर हव्या तेवढ्या. काम चोख होतं, त्यांनी स्वतः केलं असतं तर याहून वेगळं झालं नसतं.

मग मीच केलं, असं त्यांनी ठरवलं. दुसरा तर्कच नव्हता. हात सवयीनं काम करतात आणि डोकं त्याची दखल घेत नाही, या वयात होतं असं. तरी रात्री जेवताना त्यांनी मनातल्या मनात पहिली वीस मूलद्रव्यं उलट्या क्रमानं म्हणून पाहिली. अडखळले नाहीत. त्यानं बरं वाटायला हवं होतं.

३

पुढल्या आठवड्यात दौतीत गोटी सापडली. मग खोबरेल तेलाच्या बाटलीत. निम्मं संपलेलं तेल बुचाला टेकलेलं होतं आणि बाटली हलवली की आत किणकिण वाजत होती. सरांनी दोन्ही गोष्टी गुपचूप निस्तरल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

रविवारी लेक आली. ती दुसऱ्या गावात राहायची. आईला छातीच्या डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून मुद्दाम सुट्टी काढून आली होती. आल्या आल्या तिनं कपाटातली औषधं तपासायला घेतली, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली उजेडात धरून उभीच राहिली.

"बाबा, हे काय आहे?"

सरांनी न बघताच ओळखलं.

"आईच्या औषधात गोटी? तुमच्या त्या डार्करूममधली?"

"चुकून पडली असेल."

"चुकून? बूच लावलेल्या बाटलीत?" तिचा आवाज चढला, मग तिनं तो मुद्दाम खाली आणला, आणि ते सरांना जास्त लागलं. "बाबा, मी चिडत नाहीये. पण आईच्या गोळ्या, पंप, वाफारा, सगळं तुमच्या हातात आहे. उद्या तुम्ही हे विसरलात, किंवा फोटो पक्के करायचा तुमचा तो हायपो तिच्या पेल्यात ओतलात, तर?"

"हायपो वेगळ्या खोलीत असतो," सर म्हणाले. शिकवल्यासारखंच म्हणाले.

"मला काय वाटतं... ते विचारशील की नाही?" माई खुर्चीतून म्हणाल्या. "मला इथून... हलायचं नाही. तुझ्याकडे ते सगळं... कपाटात घातल्यासारखं घर."

"तुला विचारून काय होणार? तू म्हणशील, ह्यांनी मला हायपो कालवून पाजला तरी चालेल."

"चालेल की. हातखंडा आहे... त्यांचा."

लेक हसली नाही. "महिनाभर बघते," ती म्हणाली. "आईचा श्वास असाच राहिला आणि तुमचं हे असंच राहिलं, तर आईला मी घेऊन जाणार. तुम्हीही या, मी नको म्हणत नाही. पण डार्करूम नाही मिळायची तिथे."

ती आंघोळीला गेल्यावर सरांनी औषधाची बाटली मोरीत उलटी केली. औषध गळून गेलं. गोटी गळ्याशी आली आणि अडकली. त्यांनी बाटली हलवली, आपटली. मग वाडग्यातली दुसरी गोटी आणून वरून घालून पाहिली. ती तोंडावरच बसून राहिली. बाटलीचा गळा गोटीहून अरुंद होता.

इतके दिवस त्यांना भीती वाटत होती की हे आपणच करतोय. आता मोरीशी उभं राहून, हातातल्या बाटलीकडे बघत, त्यांना मनापासून वाटलं की आपणच करत असतो तर किती बरं झालं असतं.

४

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. सरांना फिल्म वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती. निगेटिव्हच ते. जिथे काही आहे तिथे पांढरं, जिथे काही नाही तिथे काळं. माईंच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत काळं होतं.

"फुफ्फुसं सैल पडलीत," डॉक्टर म्हणाले. "घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. जुनी हवा आत अडकून राहते, त्यामुळे नवी घ्यायला वाव नाही. आणि ही पोकळी वाढतच जाते. आपण फक्त तिचा वेग कमी करू शकतो."

"म्हणजे सगळा घोटाळा हवेचाच," सर पुटपुटले.

"एका अर्थी," डॉक्टर म्हणाले आणि औषधं लिहायला लागले.

घरी आल्यावर लेक आपल्या गावी निघून गेली. माई पडल्या. सर एक्स-रेचं पाकीट हातात घेऊन घरभर फिरले. दुमडायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, कपाटात दमट होतो. फिल्मची जागा त्यांच्या लेखी एकच होती. त्यांनी तो डार्करूमच्या तारेवर, कुंड्यांच्या प्रिंटशेजारी, दोन चिमट्यांनी टांगला. आयुष्यभराची सवय. लाल दिव्यात तो काळा भाग आणखीच खोल दिसत होता.

"बघ, एवढी रिकामी जागा," ते म्हणाले. एकट्यानं काम करणाऱ्या माणसाला मोठ्यानं बोलायची खोड असतेच. "एवढी जागा, आणि सगळी हवेनं नासवलेली."

फळीवर वाडग्यात एक गोटी दुसरीवरून घरंगळली. ट्रक गेला असेल रस्त्यानं, सरांना वाटलं. त्यांनी दिवा घालवला, दार ओढून घेतलं आणि बोळात आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ट्रकचा आवाज काही आला नव्हता.

५

सुधारणा इतक्या लवकर झाली की डॉक्टरांच्या नव्या पंपालाच तिचं श्रेय गेलं.

आधी माईंची वाक्यं पुरी व्हायला लागली. मग त्या दोन उश्यांऐवजी एकीवर झोपायला लागल्या. एका सकाळी सर उठून पाहतात तर त्या स्वयंपाकघरात, ओट्याशी उभ्या, चहा गाळतायत.

"अगं, बस, बस. दम लागेल."

"लागत नाही म्हणून तर उभी आहे. इतकी वर्षं छातीत नुसता वारा घुमत होता, आता कसं भरल्यासारखं वाटतंय. तुम्ही मात्र असे बघताय जशी काही मी ओट्यावर चढून बसलेय."

एका दमात म्हणाल्या सगळं. सरांचे डोळे भरून आले. लेकीचा फोन आला तेव्हा ती पलीकडून अक्षरशः ओरडली, "आई, तुझा आवाज किती मोकळा येतोय!" आणि मग सरांना म्हणाली, "बाबा, सॉरी हं. त्या दिवशी जास्त बोलले. राहू दे तिला तिथेच, तुम्ही छान करताय."

फोन ठेवून सर डार्करूममध्ये गेले. वाडगा निम्म्याखाली आला होता. बाटल्या त्यांनी बरेच दिवस उघडल्याच नव्हत्या. सगळ्या काढून, एकेक करून उजेडात धरल्या. एकीतही गोटी वाढलेली नव्हती. दौतीत नव्हती, तेलात नव्हती. सर तारेवरच्या एक्स-रेकडे पाहत राहिले, आणि मग तो उतरवून पाकिटात घातला, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

त्या दुपारी माई पडलेलं वर्तमानपत्र उचलायला वाकल्या, आणि सरांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. पिशवीत ठेवलेलं काही सरकावं तसा.

"जरा इकडे ये," सर म्हणाले. "पाठ कर."

"का? काय लागलंय?"

"ऐकू दे."

"या वयात हे काय नवीन?" माई म्हणाल्या, पण पाठमोऱ्या झाल्या. सरांनी त्यांच्या पाठीला कान लावला. कापडाला साबणाचा वास येत होता. आत ऊब होती.

"घे श्वास."

माईंनी श्वास घेतला. वाऱ्याचा आवाज नव्हता, ती ओळखीची शीळही नव्हती. खूप आत, ओल्या जागेत, काच काचेला लागली. टिक्. मग आणखी खाली, टिक्. आणि श्वास सोडताना सगळी रास हलकेच बसल्यासारखी.

सरांचं सगळं शिक्षण त्यांच्या मदतीला धावून आलं. म्हाताऱ्या हाडांचे सांधे वाजतात. कानात मळ असला तरी वाजतं. त्यांनी तोच कान दाराला लावून पाहिला, भिंतीला, स्वतःच्या दंडाला. कुठेच काही वाजलं नाही.

"झालं का समाधान, डॉक्टरसाहेब?" माईंनी विचारलं. त्या वळून त्यांच्याकडे बघत होत्या, आणि चेष्टा फक्त आवाजात होती.

६

सरांनी वाडगा लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. फेकून द्यावा असं आधी मनात आलं होतं. फेकवला नाही. चांगल्या काचेच्या, धुतलेल्या गोट्या.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी माई जिना चढून आल्यावर दारातच टेकल्या. तिसऱ्या सकाळी वाक्याच्या मध्ये पुन्हा खाच पडली. "चहा... घेता ना," त्या म्हणाल्या. पोकळी वाढतच जाते, असं डॉक्टर म्हणाले होते. काल पुरलेलं आज पुरत नव्हतं.

दुपारी त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. पंपानं काही होईना. सर फोनकडे धावले, छातीच्या डॉक्टरांचा नंबर फिरवला, आणि तो वाजत असताना त्यांना कपाटातून आवाज ऐकू आला. लोखंडाच्या आतून, बारीक, घाई नसलेला. वाडगा फिरवल्यासारखा. कुणी आतल्या आत दाराला टेकून वाट बघत असावं असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं की नाही, जे आहे ते आत नाहीच, ते बाहेर उभं राहून फक्त वाडगा हलवून दाखवतंय.

"हॅलो?" पलीकडून कुणी म्हणालं. "कोण बोलतंय?"

माईंनी खुर्चीचे हात धरले होते. नखं निळी होती. त्या सरांकडे बघत नव्हत्या, कपाटाकडे बघत होत्या.

"नंतर करतो," सर म्हणाले. फोन ठेवला, किल्ली काढली. कुलूप निघालं तेव्हा त्यांनी दार उघडलं नाही. नुसतं ढकलून सैल केलं, आणि तोंड भिंतीकडे करून उभे राहिले, परीक्षा चालू असताना उत्तरं बघायची नाहीत असं ठरवलेल्या मुलासारखे.

थोड्या वेळानं माईंचा श्वास सुटल्याचा आवाज आला. लांब, भरगच्च.

"चहा टाका आता," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभे राहणार आहात?"

७

तेव्हापासून वाडगा माईंच्या खुर्चीशेजारी तिवईवर असतो. त्याबद्दल दोघं बोलत नाहीत. पाहुण्यांना वाटतं शोभेचा आहे.

आज सकाळी चहा पिताना माईंना ठसका लागला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्या पदर तोंडाशी धरून वाकल्या, आणि बशीत काहीतरी टणकन पडलं.

माईंनी चटकन त्यावर हात ठेवला. सरांनी आपला हात पुढे केला. मग माईंनी मूठ उघडून ती त्यांच्या तळव्यावर ठेवली. गोटी गरम होती.

सर उठले. नळाखाली ती दोन्हीकडून नीट धुतली, टॉवेलला पुसली आणि आणून वाडग्यात टाकली. वाडग्याचा तळ दिसायला लागला होता.

"तुम्ही जरा आत जा," माई म्हणाल्या. आवाजात पुन्हा ती खाच होती. "जा ना..."

सर स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी, दाराकडे पाठ करून उभे राहिले. समोर फळीवर स्टीलचे डबे होते, त्यांनीच घासून लख्ख केलेले. बघायचं नाही असं त्यांचं ठरलेलं होतं. पण डब्याच्या फुगीर पोटात पुढची सगळी खोली दिसत होती, छोटी, वाकडी, पण दिसत होती. खुर्ची दिसत होती. माईंनी मान मागे टाकली होती आणि तोंड उघडलं होतं, घरट्यातल्या पिल्लासारखं. त्यांच्यावर कुणी वाकलेलं नव्हतं. खोलीत कुणीच नव्हतं. फक्त खिडकीचे गज, जे इतर सगळीकडे डब्याच्या आकारानं एकसारखे वळले होते, ते माईंच्या चेहऱ्याच्या वरच्या जागेत वेगळेच वळले होते. पाण्याच्या पेल्यात काच बुडवली की पेल्यामागची रेघ सरकते, तसे. सर हे वर्गात करून दाखवत. काच दिसत नाही, मुलांनो, पण रेघ बघा.

रेघ हलली. तिवईवर काच वाजली. मग डब्यातले गज पुन्हा सारखे झाले.

"झालं," माई म्हणाल्या. "या आता."

सर बाहेर आले. माईंच्या गालांवर रंग आला होता. त्यांनी केस सारखे केले, खाली पडलेला पदर खांद्यावर घेतला आणि बशी कपाखाली सरकवली. वाडग्यात दोनतीनच उरल्या होत्या. सरांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात त्यांना आता ओळखायला लागले होते. नातवंडांचे फारच लाड चाललेत, असं दुकानदार म्हणे. सर हो म्हणत.

"गोट्या आणायला निघालात ना?" माई म्हणाल्या. एका दमात, कुठेही न थांबता.

सर दारात थांबले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"या खेपेला जरा लहान बघून आणा," त्या म्हणाल्या. "मोठ्या वर येताना घासतात हो."

सरांनी पिशवी काखेत धरली.

"बरं," ते म्हणाले, आणि दार हलकेच ओढून घेतलं.